छत्तिसावी टाइल

कच्चा कोबाल्ट निळा नसतो.
राखेत जांभूळ चुरडल्यासारखा काहीतरी, मळकट.
नगरपंचायतीचे डोंगरवार साहेब पाहायला आले
तेव्हा छपन्न टाइल्स फळ्यांवर ओळीनं वाळत होत्या.
म्हणाले, हा तलाव आहे की सांडपाणी?
दुर्पता म्हणाली, साहेब, अजून भट्टीत जायचाय तो.
आम्ही दोघी हसलो नाही.
हसू आलं होतं.

काम असं होतं :
बस स्टँडची उत्तरेची भिंत,
आठ फूट लांब, सात फूट उंच,
त्यावर गावाचं वैभव.
किल्ला, चार बुरूज, तलाव, तलावात नाव,
आणि जमलं तर हंस.
हंस इथं नाहीत, मी म्हटलं,
अडई येते हिवाळ्यात, पाणकोंबड्या असतात.
त्यांनी मोबाईल पुढे केला :
कुठल्या तरी दुसऱ्याच देशातला किल्ला, धुक्यात,
आणि पाणी असं, की त्यात कुणी
म्हैस धुतलीच नसावी कधी.

आमचा किल्ला मी रोज पाहते.
म्हणजे पाहत नाही,
त्याच्या बाजूनं माती आणायला जाते.
काढायला बसले तेव्हा कळलं,
चौथा बुरूज मला आठवतच नाही.
मग दोन दिवस पाळीवर बसून राहिले, वही मांडीवर.
बुरूज अर्धाच आहे.
उरलेला गावात राहायला आलाय :
सोसायटीच्या गोडाऊनच्या पायात,
विहिरीच्या काठाला,
ताराचंद नन्नावरेच्या गोठ्यात,
आणि एक दगड, कमळ कोरलेला,
आमच्या दाराची पायरी.
त्यावर आईनं मला न्हाऊ घातलं.
कमळाच्या दोन पाकळ्या
आमच्याच टाचांनी गेल्या.

साहेबांना बुरूज पुरा हवा होता.
पुरा काढला.
फक्त एका दगडाएवढी जागा
बिनरंगाची, बिनचकाकीची ठेवली, नुसती भाजलेली माती.
पोपडा निघाला का इथला?
नाही, म्हटलं. तो दगड आमच्याकडे आहे.

ढीवर मोहल्ल्यातली भागरथा मारबते
डोक्यावरची टोपली न उतरवताच बोलली :
निळं कायचं वं बाई?
आठ महिने तं हिरवी गोधडी पांघरून अस्ते आपला तलाव.
शिंगाडा काढ.
मग तांब्याचा हिरवा कालवला,
आणि पाण्याच्या डाव्या अंगाला
शिंगाड्याची पानं, त्रिकोणी, दाट,
हंसाला जागाच उरू नये इतकी.

भट्टी बारा तास खाते.
मग दोन दिवस तोंड लिंपून गप्प.
तिसऱ्या दिवशी आतून आवाज येतो,
टिण्, टिण्,
थंड होताना चकाकीला बारीक चिरा जातात तो.
दुर्पता कान लावून ऐकते, पोटुशीचं पोट ऐकावं तशी.
निळा आला होता.
असा, की आम्ही दोघी जरा वेळ
विटा हातात घेऊन तशाच उभ्या.

छत्तिसावी फुटली होती.
पाण्याचा मधोमध. नाव तिच्यावरच होती.
तीन तुकडे, चौथा सापडलाच नाही,
आणि उद्घाटन सोमवारी.

गोदामात मागल्या सालची एक टाइल पडून होती,
वरोऱ्याच्या कुणा डॉक्टरच्या न्हाणीघरासाठी केलेली,
पैसे न मिळालेली.
तिच्यावर एकच मासा,
तांबडा, डोळा केवढा तरी,
शेपटी चौकटीत मावत नाही असा.
दुर्पतानं तीच बसवली. माप बरोबर होतं.

आता भिंतीला टेकून लोक गाडीची वाट पाहतात.
वैशाखात पाठीला गार लागतं.
खालच्या ओळीत, बाकामागच्या पाण्यावर
बायांच्या डोक्यातल्या तेलाचे डाग पडलेत,
मी कधी कधी पदरानं पुसते, कधी राहू देते.

किल्ल्याकडे फारसं कुणी बघत नाही.
पोरं माशाच्या डोळ्यात बोट घालतात.
परगावचा कुणी विचारतो, एवढा मासा?
नावेपेक्षा मोठा असेल की,
आणि नाव तर कुठं दिसत नाही.

परवा भागरथा त्याला सांगत होती,
टोपली तशीच डोक्यावर :
होता नं. माह्या सासऱ्यानं पाह्यला होता.
जाळं फाडून गेला,
अन् नाव त्यानंच उलटवली.

मी काही बोलले नाही.
चंद्रपूरची गाडी लागली होती.